हेमलताबाईंचा खर्च

आमचा फ्रिज किंचित डावीकडे कललेला होता. डोळ्यांना ते दिसत नसे. पण वर ठेवलेला जुना फोन वाजू लागला की थरथरत डावीकडे सरकायचा, दर रिंगला साधारण तांदळाच्या दाण्याएवढा, आणि सरकता सरकता स्वतःभोवती थोडा वळायचाही. नंबर चालू आहे ना हे बघायला मी अधूनमधून माझ्या फोनवरून तो वाजवून पाहत असे; न उचललेला एक फोन म्हणजे दोन बोटं. मी हे मुद्दाम मोजलं नव्हतं. पण माझ्याकडून अशा गोष्टी मोजल्या जातात, त्याला माझा इलाज नाही.

त्या रविवारी सकाळी तो वाजला तेव्हा मी मेथी निवडत होते. मी जुडी तशीच हातात घेऊन उठले. दिवाळीपासून मी त्या फोनच्या आपणहून वाजण्याची वाट पाहत होते. तो नंबर माझ्याशिवाय जगात कुठल्याच माणसाकडे नव्हता. तो फक्त पाच ॲप्सना दिलेला होता, तेव्हा त्यावर कुणा माणसाचा फोन आला तर पाचांपैकी कुणीतरी तो विकला असा त्याचा अर्थ होता. प्रयोगशाळेत याला निष्कर्ष म्हणतात, आणि निष्कर्षासाठी मी मेथीच काय, दुधावरचं लक्षही सोडलं असतं.

पण माझा नवरा, सन्मती, फ्रिजमधून लोणी काढत तिथेच उभा होता. फोन कडेला आला होता. त्याने तो पडायच्या आत झेलला, आणि सहकारी बँकेच्या काउंटरमागे आयुष्य गेल्यामुळे वाजणारी वस्तू हातात आल्यावर जे होतं तेच झालं. त्याने तो उचलला. हाताला लोणी लागलेलं असल्याने कानाला न लावता स्पीकर चालू केला.

"हॅलो, हेमलता कारेकर मॅडमशी बोलायचं होतं," एका मुलीचा आवाज आला.

सन्मतीने माझ्याकडे पाहिलं. 'बोलत राहा' या अर्थी मी मान जोरजोरात हलवली. त्याला ते 'मी नाही म्हणून सांग' असं वाटलं.

"त्या आत्ता नाहीत. काय काम होतं?"

"आपण त्यांचे कोण, सर?"

"घरचाच आहे."

"सर, आधी आम्हाला मनापासून वाईट वाटतं हे सांगायचं होतं. मॅडमचे मिस्टर गेल्याचं कळलं. फार वाईट झालं."

सन्मती लगेच गंभीर झाला. कुणी गेल्याचं ऐकलं की त्याचा चेहरा आपोआप तसा होतो. ठेवीदारांचे वारस रोज समोर बसतात ना. "अरेरे. कधी गेले?"

"तारीख आमच्याकडे नाहीये, सर. मिस्टर सहकारी बँकेत होते एवढं दिसतंय."

"सहकारी बँकेत?"

"हो, सर. सांगलीला."

सन्मतीने हातातला लोण्याचा डबा हळूच ओट्यावर ठेवला. मी मेथीची एक काडी घेऊन तिची पानं खुडू लागले.

"आणि मॅडम आता सावंतवाडीला शिफ्ट झाल्यात ना, सर? तर त्यांच्या विम्याची जी रक्कम आलीय, ती नुसती बचत खात्यात पडून राहणं बरोबर नाही. आमच्याकडे खास एकट्या महिलांसाठी—"

"किती आलीय रक्कम?"

मुलीने आकडा सांगितला.

"एवढीच?" सन्मती फोनवर हात ठेवून मला म्हणाला. त्याला खरोखर लागलं होतं. "माझा विमा याच्या दुप्पट आहे, पद्मजा." मग हात काढून तो तिला म्हणाला, "ताई, मॅडम तासाभराने भेटतील. तेव्हा फोन करा. काय ठरलंय ते त्यांनाच विचारा. मलाही उत्सुकता आहे."

त्याने फोन पुसला, फ्रिजवर होता तिथेच ठेवला, आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला.

"मी कशाने गेलो?"

"ते ठरवलं नव्हतं," मी म्हणाले. "ॲपमध्ये कारण विचारत नाहीत."

आता हे सगळं मुळापासून सांगायला हवं.

मी तेव्हा सांगलीतल्या एका खाजगी प्रयोगशाळेत हळदीची आणि बेदाण्याची तपासणी करत असे. हळदीत रंग मिसळलाय का, बेदाण्यावर गंधक किती, अशी कामं. दिवाळीत माझ्या कॉलेजचे धुरी सर घरी आले होते. निवृत्तीनंतर ते त्यांच्या गावी, सावंतवाडीला राहत. तिथल्या कोकम आणि काजूच्या कारखानदारांनी मिळून एक छोटी प्रयोगशाळा काढायचं ठरवलं होतं, कारण नमुना तपासून घ्यायला त्यांना दर वेळी दूर पाठवावा लागे आणि अहवाल येईपर्यंत माल पडून राही. प्रयोगशाळा उभी करायला आणि चालवायला सरांना मी हवी होते. मी म्हणजे प्रमुख. माझ्या हाताखाली दोन मुली, समोर कोरी खोली, आणि कुठलं यंत्र कुठल्या भिंतीला लावायचं ते मी ठरवायचं. पगार मात्र तेव्हाच्या माझ्या पगाराच्या निम्म्याहून थोडा जास्त.

"बघते, सर," मी म्हणाले होते. "जरा हिशेब मांडून सांगते."

सर गेल्यावर सन्मतीने विचारलं होतं, "काय वाटतं तुला?"

"आकडे बघू आधी."

"बघ," तो म्हणाला होता आणि फराळाची ताटं उचलून आत गेला होता. त्या विषयावर आमचं तेवढंच बोलणं झालं.

आकडे बघायचे तर महिन्याचा खर्च नीट माहीत हवा. खर्च नीट माहीत हवा तर तो रोज लिहायला हवा. लिहायचा तर चांगलं ॲप हवं. चांगलं म्हणजे कुठलं, हे ठरवायला चाचणी हवी. ही साखळी मला तेव्हा अत्यंत शास्त्रशुद्ध वाटत होती. तिच्यातली एकही कडी चुकीची नव्हती, आणि मी सर्वात दूरच्या कडीवर अडीच महिने आनंदाने काम करत होते.

माझ्या अटी साध्या होत्या. ॲपने माझे मेसेज वाचता कामा नयेत. माझ्या फोनमधली नावं आणि मी कुठे फिरते ते त्याला कळायची गरज नाही. बँकेचा पासवर्ड मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवायचं. माझी माहिती हवी तेव्हा पूर्ण पुसता आली पाहिजे. आणि पैसे वाचवायला घेतलेल्या वस्तूने स्वतःच पैसे खाऊ नयेत.

"अगं, मी बँकेत आहे," सन्मती म्हणायचा. "अख्ख्या पेठेचे पैसे मी सांभाळतो, आणि माझी बायको तिच्या पैशांसाठी परक्या ॲपची परीक्षा घेते."

"तू सांभाळतोस ते लोकांचे. तुझे स्वतःचे कुठे जातात ते तुला माहीत आहे?"

"भेळेत जातात. त्याला ॲप कशाला?" मग तो त्याच्या आईचं उदाहरण द्यायचा. त्या गव्हाच्या डब्यामागे पाकिटं ठेवत. किराणा, दूध, लाईट. "तिला कधी ओटीपी आला नाही," तो म्हणायचा.

पण चाचणी कशी घेतेय, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. ते सांगण्यासारखं नव्हतंच.

आम्ही प्रयोगशाळेत नवी पद्धत वापरण्याआधी तिला एक ज्ञात नमुना देतो. त्यात काय आणि किती घातलंय ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. यंत्र तेच सांगतं का, ते बघायचं. न पारखलेल्या यंत्राला खरा नमुना देत नाहीत. तोच नियम मी इथे लावला. पाच ॲप्सना मी माझा खर्च दिलाच नाही. पाच बायका तयार केल्या. नावं माझ्या आईच्या वर्गातल्या मैत्रिणींची घेतली. कुमुद, ललिता, विजया, नलिनी, हेमलता. प्रत्येक ॲपला एकच बाई. म्हणजे ज्या नावाने फोन येईल ते ॲप चोर. प्रत्येकीला घर दिलं, पगार दिला, सवयी दिल्या. रोज संध्याकाळी कामावरून आले की चहा पिता पिता मी पाचजणींचा खर्च भरत असे. स्वतःचा खर्च मात्र मी कुठेच लिहीत नव्हते. तेवढा वेळ उरत नसे.

आणि त्या रविवारी धुरी सरांना उत्तर द्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांची बैठक होती. ते फोनवर नेहमीच्या सौम्य आवाजात म्हणाले होते, "पद्मजा, नाही म्हणालीस तरी चालेल, पण बाई, काहीतरी म्हण."

"दाखव," सन्मती आता म्हणाला.

"काय?"

"ही हेमलता. मेलोय तर निदान माझ्या माघारी कसं चाललंय ते बघू दे."

मी फ्रिजवरचा फोन काढून आणला. हेमलताचं ॲप पाचांत सर्वात देखणं होतं, फुकट होतं आणि त्यात दर बचतीला एक छोटं झाड उगवायचं. मला ते मनातून आवडलं होतं. आता त्याने तिला विकलं होतं, आणि माझी पद्धत यशस्वी झाली होती. पण मला हवा तेवढा आनंद होत नव्हता.

"भाडं, सावंतवाडी. खानावळ. छत्री. परत छत्री?"

"तिकडे पाऊस फार असतो. एक हरवली तिची."

"हरवली." तो मान हलवत पुढे वाचत होता. "आणि हे काय, 'कै. यजमानांचा विमा'. हे कशाला घातलंस?"

"एकरकमी मोठी जमा झाली तर ॲप ती पगारात धरतं का, ते बघायचं होतं."

"धरलं?"

"हो."

"म्हणजे मी फुकटच गेलो." तो हसला. मीही हसले. "बाकीच्या दाखव."

इथे थांबायला हवं होतं. पण तपासणी अर्धवट सोडायची सवय मला नाही. मी त्याला कुमुद दाखवली. तिच्या ॲपने बँकेचा पासवर्ड मागितल्यामुळे ती चारच दिवस जगली होती. ललिताचं ॲप चांगलं होतं, पण पहिला महिना संपल्यावर वर्षाची वर्गणी मागत होतं, आणि ती एवढी होती की ललिताची छत्री, खानावळ आणि दोन महिन्यांची भाजी त्यात आली असती. विजयाचं ॲप परदेशी. त्यात रुपये बसेनात, त्यामुळे ती बिचारी कोथिंबीर डॉलरमध्ये घेत असे.

सन्मती विजयाच्या कोथिंबिरीवर मनापासून हसला. मग मागे गेला, परत ललिता उघडली, परत कुमुद. त्याचं हसणं कुठे थांबलं ते मला कळलं नाही, पण बँकेत एखाद्या सहीवर नजर अडकली की तो असा गप्प होतो, हे मला माहीत होतं.

"सगळ्याच सावंतवाडीला राहतात," तो म्हणाला.

"तुलना करायची तर शहर एकच ठेवावं लागतं."

"सांगली ठेवता आलं असतं."

मी मेथीची आणखी एक काडी उचलली.

"आणि एकीलाही नवरा नाही."

"हेमलताला होता."

"होता," तो म्हणाला. "बाकीच्यांना तोही नाही. कुमुद अविवाहित. ललिता अविवाहित. विजया…" त्याने खाली सरकवलं. "विजया घटस्फोटित?"

"तो पर्याय त्या ॲपमध्ये आपोआप आला. मी बदलला नाही."

"का बदलला नाहीस?"

"नवरा घातला की घटक वाढतात," मी म्हणाले. "त्याचा पगार, त्याचा प्रवास, त्याचं खाणं. मग कशाने काय बदललं ते सांगता येत नाही."

माझं हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं. सन्मती उठला. ओट्यावरचा लोण्याचा डबा त्याने फ्रिजमध्ये ठेवला, परत काढला, परत ठेवला.

"पद्मा, एक सरळ विचारू?" त्याची पाठ माझ्याकडे होती. "तुला मला सोडून जायचंय का?"

"नाही."

"मग मी यात कुठेच का नाही?"

दुसरी कुणी असती तर तिने उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला असता. मी मेथीच्या काड्या एका बाजूला आणि पानं एका बाजूला अशी नीट वेगळी केली, आणि विचार केला. कारण प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर मला खरंच ठाऊक नव्हतं. ते मी शोधलंच नव्हतं.

"तू असलास तर आकडे जुळतात," मी शेवटी म्हणाले.

तो वळला.

"तुझा पगार धरला की जुळतात. दिवाळीच्या रात्रीच कळलं असतं, ॲपही लागलं नसतं. घर आपलं आहे, कर्ज नाही. मला निम्मे मिळाले तरी काही अडत नाही. तुला घातलं की पैशाचा प्रश्नच उरत नाही."

"मग बरंच की."

"बरं कसलं? मग मला दुसरा प्रश्न सोडवावा लागला असता."

"कुठला?"

मी पानं धुवायला उठले. त्याने माझ्या हातातून चाळण काढून घेतली.

"कुठला, पद्मजा?"

"मला जायचंय का, हा. आणि तो तुझ्यासमोर म्हणायचा."

तो चाळण नळाखाली धरून मेथी स्वतःच धुऊ लागला, आणि मी निवडलेल्या पानांतली निम्मी वाहून गेली. "मी विचारलं होतं की दिवाळीत. काय वाटतं म्हणून."

"मी आकडे म्हणाले, तर तू 'बघ' म्हणालास."

"मग काय म्हणायला हवं होतं? 'जाऊ नको' म्हणालो असतो तर राहिली असतीस आणि जन्मभर माझ्याकडे हळदीच्या नमुन्यासारखं बघितलं असतंस. 'जा' म्हणालो असतो तर म्हणाली असतीस, याला मी नकोच आहे."

ते तंतोतंत खरं होतं. मला राग आला, कारण एवढं नेमकं बोलणं हे आमच्या घरात माझं काम होतं.

तो ओले हात लुंगीला पुसून परत बसला आणि फोन जवळ ओढला. "ही कोण राहिली? नलिनी."

"ती बरी आहे. म्हणजे तिचं ॲप. इंटरनेट लागत नाही, नाव-नंबरापलीकडे काही मागत नाही, सगळं फोनमध्येच राहतं. एकदाच थोडे पैसे घेतात. दोन वेळच्या भेळेएवढे."

"म्हणजे हे पास."

"पास. आठ-दहा दिवस झाले."

"आठ-दहा दिवस झाले आणि तू घेतलं नाहीस?"

"हेमलताचा निकाल यायचा होता."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नलिनीचा खर्च वाचू लागला. भाडं, दूध, गॅस, एक छत्री. तिची हरवली नव्हती. मग तो थांबला, बोटाने वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला.

"हिचं सांगलीत कोण आहे?"

"कुणी नाही. का?"

"मग ही एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी एसटीने सांगलीला कशाला येते?"

मी पुढे वाकून पाहिलं. अक्षरं माझीच होती. सांगली, एसटी, जाऊन-येऊन. महिन्यातून दोनदा, प्रत्येक महिन्यात, न चुकता. खाली एक रविवार संध्याकाळची नोंदही होती: भेळ, दोन प्लेट. नमुन्यात काय घातलंय हे आपल्याला आधीच ठाऊक असतं, असं मी मघाशी म्हणाले ना? तर ते तसं नसतं.

"दोन प्लेट," सन्मती म्हणाला.

"भूक लागत असेल तिला."

"होय की. चार-पाच तास एसटीचे." त्याने फोन उलटा ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरचं मला वाचता आलं नाही, पण कान लाल झाले होते, आणि ते तो खूश असला की होतात. "आणि मधल्या शनिवारी तो जात असेल तिकडं. त्याचं भाडं तिच्या खर्चात कसं दिसणार?"

"कोण तो?"

"असेल कुणी. घटक."

मी बाजूला ठेवलेल्या मेथीच्या काड्या मोजू लागले.

"धुरी सरांना काय सांगणार आहेस?" त्याने विचारलं.

"बघ—"

"'बघते' नको."

"आधी नलिनीचं ॲप विकत घेते, मग आपला दोघांचा एक महिना नीट—"

"पद्मा."

"एवढं सोपं नसतं रे ते."

"मी सोपं आहे म्हणालो का? मला काय इथं एकट्याने वरण-भात करून खायची हौस आहे? पण तू एकदा तोंडाने म्हण तरी. काहीही म्हण. म्हणजे मग भांडता तरी येईल."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. दिवाळीपासून मी ते वाक्य पाच बायकांकडून जगवून घेतलं होतं, त्यांना त्यासाठी भाडं भरायला लावलं होतं, छत्र्या हरवायला लावल्या होत्या, एकीला विधवा केलं होतं, आणि माझ्या स्वतःच्या तोंडून ते तीन शब्दांचं वाक्य निघेना. मी फोन उचलून फ्रिजवर त्याच्या जागी ठेवला, जणू चाचणी अजून चालूच आहे.

तो ठेवते न ठेवते तोच वाजू लागला.

सन्मतीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "तास झाला. वेळेची पक्की आहे पोरगी."

फोन थरथरत डावीकडे सरकला. दाणाभर, आणखी दाणाभर. सन्मती खुर्चीतून हलला नाही.

"घे की. तुझाच आहे. मी काय, कैलासवासी."

तो कडेला येईपर्यंत मी थांबले. मग उचलला, आणि चुकून की काय कोण जाणे, स्पीकर चालू झाला.

"हॅलो, हेमलता मॅडम? मघाशी सरांशी बोलले होते मी. तर मॅडम, काय ठरलं तुमचं?"

सन्मती माझ्याकडे बघत होता. धुतलेल्या मेथीचं पाणी ओट्यावरून खाली टपकत होतं.

"हेमलता नाहीत," मी म्हणाले. "मी पद्मजा मगदूम बोलतेय. माझे मिस्टर जिवंत आहेत, माझ्यासमोर बसलेत. विम्याचं काही नको, आणि हा नंबर तुमच्या यादीतून काढून टाका."

"सॉरी, मॅडम. आमच्याकडे सावंतवाडीचा पत्ता होता, म्हणून…"

"तो बरोबर आहे," मी म्हणाले. "मी सावंतवाडीला जातेय."